'बिनाइन' झालेली अक्का

अक्का गेली त्याला दीड महिना झाला. सकाळी शिलाई मशीनवर बसली होती, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हार्ट अटॅक. तरी तेराव्याला तिची सासू मांजरसुंब्याहून बीडला आली आणि बायांच्या घोळक्यात बसून म्हणाली, "शेवटी त्याच रोगानं नेलं बघा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली... हा लेख त्या बाईसाठी आहे. तिला वाचता येत नाही, पण कुणीतरी वाचून दाखवीलच.

अक्का माझी थोरली बहीण. लग्नाच्या चौथ्या वर्षी तिच्या छातीत गाठ लागली. सुईची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. दाजी मात्र बाहेर बाकड्यावर. बायकांच्या खोलीत यायची लाज वाटत होती ना! त्यांनी नंतर कागदावरचा एक इंग्रजी शब्द वाचला आणि तेवढाच घरी नेला. झालं! "सूनबाईला बिनाइन झालाय," असं गावभर झालं. अहो, बिनाइन म्हणजे निरुपद्रवी! अक्का सांगून सांगून थकली. सासूचं एकच, "साधं असतं तर इंग्रजीत कावून लिव्हलं असतं?" महिन्याभरात तिला माहेरी आणून सोडली, वर्षाच्या आत दाजींनी दुसरी केली. पुन्हा कुणी साधी चौकशीसुद्धा केली नाही.

अक्का ब्लाउज शिवायला लागली. माप घेताना टेप जरा आवळला की एखादी कळवळायची. मग दार लावून बोलणं चालायचं. "पाळीच्या आधी दुखतं, जड वाटतं, ते लई जणींना होतं. पण गाठ हाताला लागली तर घरी बसून ठरवायचं न्हाई. दाखवायची." कित्येकींना तिनं स्वतः रिक्षात घालून नेलं. बहुतेकींच्या गाठी साध्या निघाल्या. एकीची नव्हती, पण वेळेत कळलं, ती आजही धडधाकट आहे.

एका दुपारी तिची नणंद आली, शोभा. त्याच सासूची लेक. तिलाही गाठ. मी म्हणाले, "हाकलून दे. जा म्हणावं आईकडं." अक्का माझ्यावरच उखडली, "गाठ तिच्या आईला झालीय का?" तिनं शोभाला तपासून आणलं. साधी निघाली. मग माझ्याकडून शब्द घेतला, कुणाला बोलायचं नाही. नऊ वर्षं मी दात-ओठ खात तो पाळला.

आणि तेराव्याला, अक्काच्याच खोलीत, ते वाक्य माझ्या कानावर पडलं. सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं कशाला सांगू, चारचौघांत त्या म्हातारीचं नाक कापायला माझे हात शिवशिवत होते. पण अक्काला दिलेला शब्द... मी सगळं गिळलं.

शोभा पंगतीत वाढत होती. तिनं भाजीची बादली खाली ठेवली.

"माय, मला बी बिनाइनच हाय. नऊ वर्षं झाली. वैनीनंच नेलतं मला दवाखान्यात. आता मला बी सोड की कुठं नेऊन."

म्हातारीला जोराचा ठसका लागला. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी होता. मी दिला नाही.