शिंगवाली पॉपी आणि बाबांचा तांब्या

बाबांनी जन्मभर कॉलेजात बॉटनी शिकवली. आई गेल्यावर त्यांना आमच्याकडे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आणलं, तेव्हा कळलं, की आपण जेवलो हेही त्यांना आठवत नाही. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, मेमरी क्लिनिकला पाठवलं. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, यातलं काही परत येणार नाही. मी कसली ऐकतेय!

उन्हाळा सरताना एका वीकेंडला त्यांना दक्षिण किनाऱ्यालगतच्या एका बेटावर नेलं. किनारा कसला, नुसते गोटे. माती औषधालासुद्धा नाही. आणि त्या गोट्यांतून पिवळीधमक फुलं वर आलेली. बाबा मटकन खालीच बसले. "अगं, ही अफूची चुलत बहीण! शिंगवाली पॉपी." आणि मग जे सुटले! पानं राखाडी, लवदार, म्हणून खारा वारा सोसतात. मूळ गोट्यांखाली खोल जातं. पाकळ्या चारच, त्याही लगेच गळतात. मग शेंग वाढते, वीतभर लांब, शिंगासारखी वाकडी. देठ मोडला की पिवळा चीक, विषारी. "हिचे लाड करायचे नाहीत. खत नको, पाणी नको. लाडाने मरते ही." एका शब्दाला अडखळले नाहीत. मला रडूच फुटलं. म्हटलं, क्लिनिकवाल्यांना काय कळतंय डोंबल!

वाळक्या शेंगेतलं बी आणलं, कुंडीत खडी भरून पेरलं आणि कुंडी मागच्या दाराशी ठेवली. रोप आलं, करडी पानं फुटली.

पुण्याच्या घरी तुळस अशीच मागच्या दाराशी होती. इथेही अंघोळ झाली की बाबा तांब्या घेऊन निघायचे, कुंडीत पाणी ओतून हात जोडायचे. थोड्या वेळाने पुन्हा तांब्या. मी कुंडी शेडमागे ठेवली, ती त्यांनी शोधून काढली. तांब्या लपवला, तर केटल घेऊन आले. मी ओरडले, तर त्यांनी केटल खाली ठेवून पुन्हा हात जोडले.

गेल्या आठवड्यात रोप कुजून काळं पडलं. बाबा वाकले, मूळ चिमटीत धरून बघितलं, आणि वर्गातला तो जुना आवाज आला, "कोणत्या गाढवाने हिला एवढं पाणी घातलं?"

"मी घातलं, बाबा."

"काय उपयोग झाला तुला शिकवून!" ते खरंच चिडले होते. तणतणत आत गेले. अंघोळ करून आले, आणि भरला तांब्या घेऊन कुंडीपाशी उभे राहिले.