रिकामं जाकीट

नांदेडला गोदावरीत नवऱ्याची छोटी होडी उलटली. तो पोहत काठाला आला, पण होडीत काढून ठेवलेलं नारंगी लाइफ जाकीट वाहून गेलं. खालच्या गावात कुणाला ते दिसलं, तर लोक उगाच माणूस शोधत बसतील. म्हणून त्याला घरी धाडून मी थेट पोलीस ठाणं गाठलं.

हवालदारांनी मला नीट न्याहाळलं.

"जाकीट वाहून गेलं. अन् त्यातला माणूस?"

"घरी आंघोळ करतोय."

"भांडण झालं होतं का, बाई?"

"झालं की! जाकीट अंगात का घातलं नाही, म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बोलवा त्यांना."

चांगलं करायला जावं तर हे असं! मी रागारागानं फोन लावला. नवरा ओल्या केसांनी येऊन उभा राहिला.

"हेच तुमचे मालक कशावरून?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. खालच्या गावात जाकीट सापडलं होतं. माणसं शोधासाठी होड्या पाण्यात घालायला निघाली होती.

"घालू नका," हवालदार म्हणाले. "बुडालेला माणूस माझ्यासमोर उभा हाय."

फोन ठेवून ते नवऱ्याकडे वळले. "आता आधार कार्ड दाखवा."