किसनकाकांच्या बेटावरचं शून्य

सर, किसनकाकांच्या फोटोला घातलेला तो हार काढा.

आज काकांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळी फोन उघडला तर तुमची पोस्ट. "माझे वाटाडे, माझे मित्र." वर दिवा, खाली जोडलेले हात.

अन् मलाच टॅग केलेलं!

इथे नाव घेत नाही, तुम्हाला कळतंय. मी पुसदला शाळेत विज्ञान शिकवते, जपून बोलायची सवय आहे. पण राग आला की माझी शाळेतली मराठी सुटते. आज सुटली तर सुटू दे.

बाकीच्यांसाठी सांगते. किसनकाका आमच्या तलावावर मासेमारी करायचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधोमध एक बेट उघडं पडतं. त्यावर नदी सुरय अंडी घालतात. पांढुरके, पिवळ्या चोचीचे पक्षी. घरटं म्हणजे वाळूत नुसता खळगा.

दरवर्षी आम्ही दोघं ती घरटी मोजायचो. मी दुर्बिणीतून, ते नुसत्या डोळ्यांनी. आकडे जुळले नाहीत की पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा त्यांचाच बरोबर निघायचा, तोच मी मोजणीच्या वहीत लिहायचे.

मोजायचं ते बोटीतूनच. बेटावर पाय ठेवायचा नाही. ऊन चढायच्या आत माघारी.

अन् घरट्याकडे सरळ बोट दाखवायचं नाही. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती सडते, म्हणून आपल्याकडे बोट वाकवून दाखवतात ना, तसंच. मी विज्ञानाची बाई, सुरुवातीला हसले. मग मीही बोट वाकवायला लागले.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुम्ही आलात, भलीमोठी लेन्स घेऊन.

काकांचा नंबर मी दिला. हो, मीच.

शांताकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, तुम्हाला भाकर आणि झिंग्याची भाजी वाढली. तुम्ही भाजी दोनदा मागून घेतली. तिथेच काका फसले. आपल्या घरी जेवलेल्या माणसाला नाही म्हणायचं त्यांना कधी जमलंच नाही. तुम्ही म्हणालात, पाच मिनिटं बेटावर उतरू द्या. त्यांनी उतरवलं.

तुम्ही तिथे तंबू ठोकला. वर काकांना सांगितलंत, बोट दूर न्या, फ्रेममध्ये येते.

यवतमाळचं मे महिन्यातलं ऊन. त्या उन्हात सुरय अंड्यांवर बसतो तो सावली धरायला. मधेच जाऊन पोट पाण्यात भिजवून येतो, अंड्यांना गारवा द्यायला. तुम्ही दुपार टळेपर्यंत हलला नाहीत. काका दोनदा बोट घेऊन आले, दोनदा तुम्ही हातानेच परत पाठवलं, हे त्यांनीच मला मागून सांगितलं. सगळा थवा तुमच्या डोक्यावर ओरडत होता.

त्यातलाच एक तुमच्या फोटोत आहे, चोच उघडून अंगावर येणारा. खाली तुम्ही लिहिलं, 'मातृत्वाचा आवेश'. त्याला बक्षीसही मिळालं.

आवेश म्हणे. अंडे भाजून राह्यले होते बाप्पा तिचे!

तीन दिवसांनी आम्ही मोजायला गेलो. बेटावर एकही पक्षी बसलेला नव्हता. अंडी उघडी पडलेली, अन् कावळे आरामात फिरत होते.

मी वही मिटली. म्हटलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहू.

काका म्हणाले, "शून्य लिवा, मॅडम. अन् त्याच्या खाली माहं नाव लिवा. म्याच नेलतं त्याले."

मी शून्य लिहिलं. नाव लिहिलं नाही. 'कारण' हा रकाना मोकळा सोडला. वाटलं, काकांना वाचवलं.

कसलं काय. वाचवलं ते तुम्हाला, आणि स्वतःला.

रकाना मी मोकळा ठेवला आणि गावाने तो भरला. किसननेच बेट उजाड केलं, असं पारावर उघड बोलायला लागले. काकांनी एकदाही तुमचं नाव घेतलं नाही. पाहुणा ना तुम्ही, घरी जेवलेला!

पुढच्या उन्हाळ्यात ते मोजायला आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेले. दारात जाळं सांधत बसले होते, मान वर केली नाही. आणि जूनमध्ये गेलेच. डॉक्टरांनी हृदयाचं कारण दिलं. मी दुसरं देते, आणि ते मला कोणी खोडून दाखवावं.

यंदा मार्चमध्ये तुमचा मेसेज. "मॅडम, या वर्षी पक्षी कुठे बसलेत? लोकेशन टाका ना." काका गेल्याबद्दल एक शब्द नाही.

टाकलं लोकेशन. तलावाच्या पार उलट्या टोकाचं. बाभळीचं रान अन् गुडघाभर गाळ. दोन दिवस तंबूत बसून होतात म्हणे, आणि गाडी काढायला ट्रॅक्टर लागला. मी त्या दिवशी दोन कप चहा जास्तीचा प्यायले. पाप लागत असेल तर लागू दे, मले काही फरक पडत नाही.

पण तेवढ्याने माझं समाधान झालं नव्हतं. आज तुमचा तो हार पाहिला आणि वही काढली.

रकाना भरला. तारीख, वेळ, तंबू, तुमचं नाव-गाव. एक प्रत वनखात्याला, एक तुमच्या स्पर्धावाल्यांना. साक्षीदार म्हणून शांताकाकूंची सही. सही करताना काकू एवढंच बोलल्या, "दोन डाव भाजी घेतलती त्यानं."

मग पारावर उभी राहून मोठ्याने वाचून दाखवलं. जे काकांना बोलले होते तेच समोर बसले होते. कोणी वर पाहिलं नाही.

तुमच्या पोस्टखालीही वहीचं ते पान टाकलंय. डिलीट करा, पुन्हा टाकीन. ब्लॉक करा, गावात फोन काही कमी नाहीत.

त्या शून्याखाली आता दोन नावं आहेत. पहिलं तुमचं. दुसरं माझं, कारण नंबर मी दिला होता.

काका, तुमचं नाव तिथे नाही. एवढं करायला मला दोन वर्षं लागली, माफ करा.

रामराम घ्या.