सगळ्या विभागांना सांगून झालं होतं

विद्यापीठाला अभ्यासाला माणूस हवा असला की ते मागच्या फाटकातून बाहेर पडतं, कारण पुढच्या रस्त्यावरचे बंगलेवाले दार उघडत नाहीत. मागच्या फाटकासमोर आमची गल्ली आणि गल्लीतलं पहिलं दार मावशीचं. उजेडासाठी ती शिलाई मशीन उंबऱ्यालगत घेऊन बसायची, इस्पितळांच्या उशांचे अभ्रे शिवायची, आणि जो विचारेल त्याला उत्तर द्यायची. एवढी सोय असल्यावर पुढच्या दारी कोण जातो?

आमचं विद्यापीठ फार मोठं नाही, फार लहानही नाही. पण तिथं कशाचा अभ्यास चालतो हे विचारू नका, कशाचा चालत नाही ते सांगणं सोपं. अर्थशास्त्रवाले येऊन एका अभ्र्याला किती वेळ लागतो ते विचारून गेले. आहारवाल्या पोरींनी तिच्या पातेल्यातली भाजी काढून वजन केली आणि पुन्हा पातेल्यात ओतली. एकानं दाराची उंची मोजली, एकानं दारातून येणारा गोंगाट मोजला, एक बाई पाण्यातला धातू शोधायचा म्हणून तिचे चार केस कापून घेऊन गेली. भाषेचा मास्तर तर ती नुसती बोलत राहावी म्हणून यायचा. गल्लीतले टवाळ विचारायचे, "मावशी, आज कोणता विषय?" ती मशीन न थांबवता सांगायची, "आज गुडघे."

तिला नाव पडलं विद्यापीठवाली, आणि खरं सांगते, तिला ते आवडायचं. नवरा लवकर गेलेला, मुलगा दिवसभर टेम्पोवर, सुनेशी कामापुरतं बोलणं. कुणीतरी समोर मांडी घालून बसतंय आणि "आणखी सांगा" म्हणतंय, ही चैन तिला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

मग ती घरातल्या घरात धडपडायला लागली. बादली लवंडायची, कपड्यांचा पिळा तुडवायची, उघड्या कपाटाच्या दारावर कपाळ आपटून घ्यायची. सून तक्रार घेऊन माझ्याकडे आली. वस्तीत नळ फुटला काय नि नवरा-बायकोचं फाटलं काय, सगळं माझ्याकडेच येतं.

"ताई, मी बादली डावीकडे ठेवली की यांची लाथ डावीकडेच. मुद्दाम करतात."

"मुद्दाम कुणी स्वतःची नडगी फोडून घेतं का?"

"तुम्हाला आमच्या सासूबाई माहीत नाहीत."

मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "बाजूचं सुटतं गं. समोरचं लख्ख आहे. पण माणसं हल्ली चालत येत नाहीत, एकदम समोर उगवतात."

"मग डोळे दाखव."

तिनं सुई उचलली, एका दमात ओवली आणि माझ्या नाकासमोर धरली. "हे डोळे दाखवू?"

"तरी दाखव. सरकारी इस्पितळ काही दुसऱ्या देशात नाही."

"आत सांगितलंय मी."

आत म्हणजे भिंतीच्या आत, विद्यापीठात. मी विचारलं, कुणाला सांगितलंस?

"सगळ्यांना. मास्तराला सांगितलं, खेळवाल्यांना सांगितलं, ती दिव्यांची मुलगी येते तिला तर सगळ्यात आधी. एका फाटकातून येतात, एका घरची माणसं ती. त्यांच्यात डोळ्यांचाही कुणी असेलच की. कानावर गेलं की तो बोलावेल."

मी डोकं फोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट मलाच ऐकवलं, "तुझी सगळ्यांशी भांडणं. माझी माणसं आहेत ती."

आणि तिनं खरंच सांगितलं होतं. मी नंतर एकेकाला गाठून विचारलंय, म्हणून छातीठोकपणे लिहिते. 'माणसं उगवतात' हे ऐकून भाषेचा मास्तर इतका खूश झाला की त्यानं तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. समाजशास्त्रवाल्यांनी त्याचा अर्थ एकटेपणा असा लावला. भूगोलवाल्यांनी तिला गल्ली काढायला सांगितली, तर तिनं मधला रस्ता काढला आणि दोन्ही बाजूंची घरंच काढली नाहीत. त्यांना वाटलं, बाईला शेजाऱ्यांचा राग असणार. खेळवाल्यांनी खडूच्या रेघेवरून तिला चालवलं. रेघ तिनं सोडली नाही, पण दोन्हीकडच्या खुर्च्यांना ठेचकाळत गेली. म्हणून त्यांनी खुर्च्या हलवल्या.

आणि दिव्यांची मुलगी. मानसशास्त्राची. पडद्यावर कुठंही दिवा लागला की बटण दाबायचं, एवढाच तिचा प्रयोग. मधल्या दिव्याला मावशीचं बटण विजेसारखं. कडेच्या दिव्यांना एकदाही नाही. मुलगी दर वेळी म्हणायची, "मावशी, लक्ष द्या ना." मावशी बिचारी आणखी ताठ बसायची.

भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी तिला हातगाडीनं उडवलं. गाडीवाला रडकुंडीला आला होता. "ताई, घसा फाटेस्तोवर ओरडलो. त्या थांबल्या, इकडं वळल्या, तिकडं वळल्या, आणि थेट चाकाखालीच आल्या." मनगट मोडलं. प्लास्टर झाल्यावर मी तिचा एकही शब्द न ऐकता त्याच इस्पितळात डोळ्यांच्या विभागात नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. काचबिंदू. डोळ्यात दाब वाढतो, आतली नस कडेकडून मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून माणूस गाफील राहतो.

"गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले. "उरलंय ते रोज थेंब टाकून टिकवायचं. पण उरलंय फारच थोडं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मावशी म्हणाली.

"कुणाला?"

"विद्यापीठाला."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं असावं, पडताना डोक्यालाही मार लागलाय.

मी दुसऱ्या दिवशी फाटकातून आत गेले. भिंतींवर ज्याच्या त्याच्या संशोधनाचे फलक लावलेले: डासांचे पंख, जुनी नाणी, काँक्रीटच्या भेगा, तान्ह्या मुलांचं रडणं. खाली ओळीनं दारं, सगळी लोटलेली. मानसशास्त्राचे साहेब शांत माणूस. बसा म्हणाले. मी बसले नाही.

"कडेच्या दिव्याला ती बाई कधीच बटण दाबत नव्हती. तुम्हाला काय वाटलं?"

"लक्ष कमी आहे असं वाटलं. आम्ही लक्ष मोजतो, डोळे नाही."

"मग पुढे काय केलंत?"

"त्यांचे निकाल काढून टाकले. एका माणसापायी सगळी सरासरी बिघडते हो."

मग माझं तोंड सुटलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोर्चा आणते म्हणून सांगून आले, आणि आणलाही असता, पण मावशीनं पाय धरले. "नको गं. मग माझ्याकडे येईल कोण?" थेंब मात्र ती नेमानं टाकून घ्यायची, प्लास्टरच्या हातामुळे सुनेकडून. म्हणायची, "उरलंय ते धरून ठेवते. गेलेलं आतला माणूस आणेल. त्याच्या कानावर अजून गेलं नसेल." मी इस्पितळातलं पुन्हा पुन्हा सांगायची. ती मान डोलवायची आणि फाटकाकडे तोंड करून बसायची. मशीनवर चादर टाकलेली होती.

एका संध्याकाळी दिव्यांची मुलगी आली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. उंबऱ्यात बसली आणि बराच वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"मावशी, माझं चुकलं. मला कळायला हवं होतं."

"असू दे गं. पोरसवदा तू. तुझं पुस्तक झालं का लिहून?"

"झालं."

"मी कुठल्या पानावर आले?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सोडवलं नाही.

"तुम्ही नाही त्यात. काढून टाकलं तुम्हाला."

 मावशी म्हणाली, "असेल काही कारण. पण मास्तराला विचार हं, त्याच्याजवळ मी बोललेय सगळं."

"मी त्यांना ओळखत नाही, मावशी."

"एका घरात राहता ना?"

"वेगळ्या इमारती आहेत. आम्ही एकमेकांकडे जातसुद्धा नाही."

"बरं, मास्तर राहू दे. डोळ्यांचा जो कोण असेल, त्याला तेवढं सांग. त्यानं एकदा बघितलं की झालं."

मी मुलीला म्हटलं, "सांग तिला."

"आमच्याकडे डोळ्यांचं कुणी नाही, मावशी. तो विभागच नाही."

मावशीनं मान हळूहळू फिरवत तिचा चेहरा शोधला. सापडला तिथं नजर धरून ठेवली.

"नाहीच?"

"नाही. कधीच नव्हता."

आतून सून थेंबांची बाटली घेऊन आली आणि सवयीनं म्हणाली, "सासूबाई, मान वर करा." मावशीनं चांगला हात डोळ्यांवर आडवा धरला. सुनेनं दोनदा सांगितलं, मी ओरडले, मुलगी रडायला लागली. हात काही तिनं काढला नाही.