मामा आणि लपलेलं ‘नाही’

जगातल्या यच्चयावत सरळ वाक्यांवर माझ्या धाकट्या मामांचा राग होता. ‘राम आंबा खातो’ यात त्यांना राम दिसत नसे, आंबाही नाही. पण इंग्रजीतला ‘अनलेस’ किंवा ‘लेस्ट’ असा एखादा नकार पोटात दडवलेला शब्द दिसला, की मामांचे डोळे अर्धवट मिटत आणि चेहऱ्यावर गोडधोड खाल्ल्यासारखी तृप्ती पसरे. औशाच्या एसटी स्टँडवर ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी होती. तिच्यातल्या ‘शिवाय’कडे बघत मामा असे रंगून जात, की लातूरची गाडी त्यांच्या पाठीमागून निघून जाई. “‘शिवाय’ म्हणजेच अनलेस की रे!” ते मला म्हणत, आणि आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत बसत.

ते औशातच इंग्रजीचा क्लास घेत. ‘रन स्लोली, लेस्ट यू शुड नॉट फॉल’ असं कुणी लिहिलं, की मामा कळवळून म्हणत, “अरे, लेस्ट म्हंजे ‘होऊ नये म्हणून’, हा भित्रा शब्द हाय. पडशील म्हणून तो आधीच भिऊन राहिला. त्यात तू ‘नॉट’ घातला, म्हंजे आता न पडण्याची भीती! असा मानूस पाहिला का कुठं?” मुलं हसत, मामा मात्र खिडकीबाहेर असा माणूस शोधत राहत.

मग भूकंप झाला. त्या पहाटे फडताळातली भांडी वाजताच मामींनी झोपेतल्या मामांना दंडाला धरून अंगणात ओढलं. मामा चष्म्यासाठी मागे वळत होते. मामींनी हात सोडला नाही, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भिंत अंथरुणावर कोसळली.

त्यानंतर दोघं लातुरात आले, पण मामी पक्क्या छताखाली जाईनात. मामांनी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास मांडला. तोवर गल्लोगल्ली क्लासचे फलक लागले होते. नांदेडकडची मुलंही लातुरात खोल्या घेऊन राहू लागली होती. एका मोठ्या क्लासवाल्यांनी मामांना नव्या इमारतीत बोलावलं. मामा जाईनात. शेडमधली मुलं एकेक करून तिकडे गेली.

शेवटी मामीच म्हणाल्या, “चला. पर मी संगं येनार.”

मीही त्या वर्गात होतो. वरचा मजला, गच्च भरलेले बाक. मामी शेवटच्या बाकावर पदर घट्ट धरून बसल्या, आणि नजर छतावर. मामांनी फळ्यावर लिहिलं, ‘बट फॉर हर, आय वुड नॉट बी हिअर.’ आणि अर्थ विचारला.

पुढचा एक मुलगा उठला. “पण तिच्यासाठी मी इथे नसतो.”

“न्हाई,” मामा हळूच म्हणाले. “बट फॉरमध्ये एक ‘नाही’ हाय. लिहिलेलं दिसत न्हाई, पर हाय. ती नसती, तर मी इथं नसतो.”

शेवटच्या बाकावरची नजर छतावरून सावकाश खाली आली. मामींनी पदर सोडला आणि दोन्ही हात बाकावर मोकळे ठेवले.

मामा पुढचं वाक्य लिहायला वळले, पण त्यांना ते सुचेना. मुलं पेन उघडून वाट बघत राहिली, आणि खिडकीतलं ऊन फळ्यावरून सावकाश सरकत राहिलं.