केकच्या काट्यावर गॅस

डेपोत त्यांना सगळे फिटरताई म्हणत. वडील अचानक गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या. वडिलांच्या जागी त्यांना बसच्या वर्कशॉपमध्ये घेतलं आणि बसचे एसी दुरुस्त करण्यात पुढची तीस वर्षं गेली. धाकट्या भावाचं शिक्षण त्याच पगारावर झालं. स्वतःच्या लग्नाचं मात्र राहून गेलं ते गेलंच.

भावजय घरात आली तेव्हा नणंदेच्या नखांतलं काळं ग्रीस तिच्या डोळ्यांत खुपायचं. माहेरच्यांनी विचारलं की ती सांगायची, "नणंदबाई डेपोच्या ऑफिसात असतात." एकदा हे ताईंच्या कानावर पडलं. त्या पुढे डेपोजवळ खोली घेऊन राहायला गेल्या आणि येणं-जाणं कमी होत गेलं.

इकडे भावजयीच्या केकना मागणी वाढली. उन्हाळ्यात क्रीमचा केक पोचवायचा तर गाडीचा एसी हवाच, आणि तो गरम वारा फेकायला लागला. नवऱ्याने गॅसचा डबा आणला, व्हिडिओ बघत बघत भरला. चार दिवस गारवा, पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. त्यात रविवारी संध्याकाळी तीन मजली केक द्यायचा होता. शनिवारी तिने धीर करून ताईंना फोन लावला आणि एसीचं सांगितलं.

"सकाळी येते," ताई म्हणाल्या. कशाला, काय, एक प्रश्न नाही.

सात वाजता त्या दारात हजर. एका हातात पंप, दुसऱ्या हातात पिशवी. बॉनेट उघडून भावाला विचारलं, "किती भरलास?"

"डबा संपेपर्यंत."

"गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे रे, जळून संपायला. कमी झाला म्हणजे कुठूनतरी निसटला."

त्यांनी साबणाचं पाणी ब्रशने नळ्यांच्या जोडांवर फिरवलं. गॅस भरायच्या तोंडाशी बारीक बुडबुडे उठले. आतला टाचणीएवढा व्हॉल्व्ह झिजला होता. उरलासुरला गॅस त्यांनी हवेत न सोडता रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, व्हॉल्व्ह बदलला आणि आतली हवा खेचायला पंप लावला. अर्धा तास पंप चालला. मग तो बंद करून, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतो का ते बघत बसायचं होतं; हलला तर अजून गळती आहे.

भाऊ अंघोळीला गेला. दोघी पायरीवर बसल्या.

"ताई, मी लोकांना तुम्ही ऑफिसात आहात म्हणून सांगायचे. चुकलं माझं."

ताईंची नजर काट्यावरच होती. "मलाही वाटायचं, ऑफिसात असते तर बरं. भर दुपारी बसच्या टपावर चढून बघ एकदा." आणि त्या हसल्या. भावजयीला हसू आणि रडू एकदमच आलं.

काटा जागचा हलला नाही. गाडी सुरू करून एसी पूर्ण सोडला. गॅस तोलायचा वजनकाटा डेपोतच राहिला होता, म्हणून भावजयीने केकचं सामान तोलायचा आणला. त्यावर नव्या गॅसचा सिलिंडर ठेवून ती साखर मोजावी तसे ग्रॅम वाचू लागली. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर या गाडीला चारशे ऐंशी ग्रॅम गॅस लिहिला होता. सिलिंडरचं वजन तेवढं उतरताच ताईंनी त्याची चावी बंद केली.

"अजून थोडा घाल की, जास्त गार होईल," टॉवेलने डोकं पुसत भाऊ म्हणाला.

"जास्त सोडा घातला की केक जास्त फुगतो का गं?"

"फुगतो आणि मग मधोमध बसतो," भावजय म्हणाली.

"ऐकलंस?"

संध्याकाळी ताईही गाडीतून सोबत गेल्या; केक जसाच्या तसा पोचला, एक फूल हललं नाही. परतताना भावजय ताईंना सोडायला त्यांच्या खोलीपर्यंत गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एक खाट, एक टेबलफॅन आणि भिंतीवर भावाचा पदवी घेतानाचा फोटो. आपला संसार कुणाच्या कष्टांवर उभा आहे, हे तिला ठाऊक होतं; पण त्या खाटेवर बसून ताईंनी दिलेलं पाणी पिताना ते जिवाला जाऊन भिडलं.

"रविवारी येत जा ना, ताई."

"काम काढून ठेवत असशील तर येईन. नुसतं बसून राहणं मला जमत नाही."

"मिक्सर आठवडाभर खरखरतोय."

"मग आजच का नाही दाखवलास?" म्हणत ताई पिशवीतले पाने पुसून ठेवू लागल्या.