ट्रॉली हलली आणि ड्रोन घरी निघाला

ड्रोन वर होता, त्याची बॅटरी संपत आली होती, आणि ज्या ट्रॉलीवरून मी तो उडवला ती ट्रॉली ट्रॅक्टरमागे डुलत डुलत निघून चालली होती.

मी बालाघाटच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना ड्रोन शिकवतो. शिकवतो म्हणजे, तेव्हापर्यंत मी उडवायचो आणि मुलं मोबाईलवर माझा व्हिडिओ काढायची. रिमोट पुढे केला की सगळी मागे सरकायची. दिवसभर मोबाईलवर बोटं नाचवणारी पोरं! त्यातली प्रतिभा, खैरलांजीकडची, सगळ्यांत हुशार. थिअरी तोंडपाठ. पण रिमोट दिसला की हात पाठीमागे.

"तुमीच उडवा ना जी सर. माह्या हातून पडलं तं?"

त्या दिवशी सकाळीच प्रिन्सिपल साहेबांनी बजावलं होतं, "सर, आज एकाने तरी उडवलं पाहिजे. नाहीतर ड्रोन दुसऱ्या कॉलेजला देतो. इथे म्युझियम थोडंच खोललंय?"

म्हणून आम्ही एका मुलाच्या शेतावर गेलो. रोवणीचे, भातलावणीचे दिवस. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जिकडेतिकडे पाणी. कोरडी, सपाट जागा एकच: धानाची रोपं आणलेली ट्रॉली, तीही अर्धी रिकामी. मी ऐटीत ड्रोन तिच्यावर ठेवला आणि उडवला.

आता थोडं तंत्र. ड्रोन जिथून उडतो ती जागा तो 'होम पॉइंट' म्हणून लक्षात ठेवतो. बॅटरी कमी झाली की आपोआप तिथेच येऊन उतरतो. वर्गात मी सांगायचो, "संध्याकाळी गाय कशी गोठ्यात येते, तसंच." गोठाच चालू लागला तर काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पलीकडच्या बांधीतल्या बायांना रोपं हवी होती. ट्रॅक्टरवाल्या भैयालालनं गाडी काढली आणि गेला. मी मान वर करून कॉमेंट्री करत होतो. एवढ्यात रिमोट टीं टीं करू लागला. स्क्रीनवर आलं, रिटर्न टू होम. मी खाली पाहिलं. होम नव्हतं. नुसता गुडघाभर चिखल.

अशा वेळी कॅन्सलचं एक बटण दाबायचं असतं, बस्स. मला काय सुचलं? मी रिमोट प्रतिभाच्या हातात कोंबला आणि ट्रॅक्टरमागे धावलो.

"भैयालाल, रोक! गाडी पीछे ले!"

"काहून जी सर?"

"ड्रोन उतरून राह्यला!"

"तं उतरू द्या ना! त्याले गाडी काहून पाहिजे?"

उत्तर द्यायच्या आत मी धुऱ्याच्या अरुंद बांधावरून घसरलो आणि थेट चिखलात बसलो. मागे वळून पाहिलं. ड्रोन खाली येत होता. त्याच्या वाऱ्यानं पाणी थरथरत होतं, आणि प्रतिभा रिमोट छातीशी धरून उभी होती.

"अगे कॅन्सल दाब, कॅन्सल!" पोरं ओरडत होती.

"सर, दाबू काय?"

"दाब!"

तिनं दाबलं. पाण्यापासून वीतभर वर ड्रोन थबकला. मग तिनं स्टिक हळूच पुढे केली. ड्रोन वर उठला, डुगडुगला, तिच्या दिशेनं सरकला आणि धुऱ्यावरच्या गवतात तिरका टेकला. कोरडा!

मग अशी काही शिट्ट्यांची बरसात झाली की बांधीतल्या बायाही रोवणी सोडून उभ्या राहिल्या.

"एवढंच होतं काय जी सर?" प्रतिभा म्हणाली.

"हौ, एवढंच," मी चिखलातून म्हणालो.

"आता मी!" "नाही, पहले मैं!" दुसरी बॅटरी लावायला मला वर यायचं होतं, पण मला हात द्यायला कुणी मोकळं नव्हतं. सगळे रिमोटवर तुटून पडले होते.

ड्रोन कॉलेजातच राहिला. आता मी उडवण्याआधी थांबवणं शिकवतो. रिमोट पहिल्याच तासाला मुलांच्या हातात देतो. तिथे तो जास्त सुरक्षित असतो.